शिडाच्या होडीतून स्वालबार्ड: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी वाटाड्या

मुरुडच्या किनाऱ्यावर वाढल्यामुळे होडी, नांगर, भरती-ओहोटी हे शब्द माझ्या कानावर लहानपणापासून होते. तरीही ७८ अंश उत्तरेला शिडाच्या होडीत पाय ठेवण्याआधी मला कितीतरी गोष्टी ठाऊक नव्हत्या. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात मी दोनदा गेले, एकदा जूनअखेर आणि एकदा ऑगस्टमध्ये. दोन्ही वेळा चौदा मीटरची पोलादी होडी होती आणि कप्तान, त्याची सहायक आणि आम्ही सहा जण असे आठ जण तिच्यावर होतो. पहिल्या खेपेला जे अंदाजाने केलं आणि चुकलं, ते तुमचं चुकू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते.

१. होडीआधी कप्तान निवडा

इथे स्वतःची किंवा भाड्याची होडी घेऊन जाण्याचा विचार पहिल्या वेळी करू नका. तुम्ही मुंबई बंदरात पाच वर्षं शिडं हाकली असली तरीही नको. इथले नकाशे अनेक ठिकाणी अपुरे आहेत. हिमनद्या मागे हटल्याने जिथे काल बर्फ होता तिथे आज पाणी आहे, आणि त्या पाण्याची खोली कुणी मोजलेली नाही. पैसे भरून खलाशांपैकी एक म्हणून जायचं, हाच नवख्यासाठी योग्य मार्ग.

कप्तानाला पत्र लिहून हे प्रश्न विचारा:

– स्वालबार्डमध्ये आजवर किती हंगाम काढलेत?
– अस्वलांपासून राखणीसाठी बंदूक चालवता येणारी आणि किनाऱ्यावर गटासोबत येणारी माणसं किती?
– गव्हर्नरच्या कार्यालयाला सफरीची सूचना कोण देणार? शोध-बचावाचा विमा कोणाच्या नावावर?
– रबरी डिंग्या (किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या होड्या) किती? एक फाटली तर दुसरी आहे का?
– केबिनमध्ये हीटर आहे का, आणि तो इंजिन बंद असताना चालतो का?
– बर्फामुळे ठरलेल्या जागी पोचता आलं नाही तर काय करता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. "अस्वल नक्की दाखवतो" किंवा "बेटाला पूर्ण वळसा घालतोच" असं जो लिहील त्याच्याबरोबर जाऊ नका. बर्फ कुठे असेल हे जूनमध्ये कोणालाच सांगता येत नाही, आणि शब्द दिला म्हणून पुढे रेटणारा कप्तान होडीवर नसलेलाच बरा.

२. महिना ठरवा

लहान होड्यांचा हंगाम जूनअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. लाँगइयरबियेनला, म्हणजे जिथून सफर सुरू होते त्या इथल्या मुख्य गावाला, साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. जूनअखेरीस डोंगरांवर बर्फ भरपूर, कड्यांवर पक्ष्यांची झुंबड, पण उत्तरेकडचे फ्योर्द (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या) गोठलेले असू शकतात. ऑगस्टमध्ये पाणी मोकळं मिळतं, उत्तरेला जास्त जाता येतं, मात्र गिलेमॉटसारखे कड्यांवरचे पक्षी पिल्लांसह समुद्रावर निघून गेलेले असतात. पक्ष्यांसाठी जायचं असेल तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरका. मला स्वतःला जूनअखेर जास्त आवडला, कारण आल्कहोर्नेतच्या कड्याखाली नांगर टाकून पडलं की वरून हजारो पक्ष्यांचा जो कालवा अखंड येत राहतो, तो ऑगस्टमध्ये ऐकू आला नाही.

३. व्हिसा: सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात

"स्वालबार्डला व्हिसा लागत नाही" हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते खरं आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे या बेटांवर जायला व्हिसा लागत नाही. या करारावर तेव्हाच्या ब्रिटिश अंमलाखालच्या भारताच्या वतीनेही सही झालेली आहे. पण बेटावरचं नेहमीचं विमान ओस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटतं, आणि तिथवर पोचायला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला, व्हिसा हवाच.

आता खरा सापळा. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. ओस्लोला उतरलात की शेंगेनमध्ये शिरलात, स्वालबार्डच्या विमानात बसलात की बाहेर पडलात, आणि परतताना पुन्हा शिरायचं असतं. म्हणजे दोन प्रवेश. अर्जात एकेरी प्रवेशावर खूण केलीत तर जाता येईल, परतताना अडकाल. माझ्या सोबतच्या मैत्रिणीला एकेरी प्रवेशाचा व्हिसा मिळाला आणि निघायला तीन आठवडे उरले असताना ते आमच्या लक्षात आलं. तिला सगळी कागदपत्रं घेऊन नव्याने अर्ज करावा लागला, आणि व्हिसा हातात आला तो उड्डाणाच्या दोन दिवस आधी. ते तीन आठवडे आम्ही दोघींनी कसे काढले ते आठवतं अजून.

म्हणून: अर्जात "एकाहून अधिक प्रवेश" मागा. सोबत साध्या भाषेत एक पत्र जोडा, "ओस्लो–लाँगइयरबियेन–ओस्लो असा प्रवास असल्याने दोन प्रवेश लागतील." पासपोर्ट परत आला की पाकीट तिथेच उघडा आणि व्हिसावरची प्रवेशसंख्या आणि शेवटची तारीख वाचा. वाऱ्यामुळे विमान किंवा होडी रखडू शकते, तेव्हा परतीच्या तारखेनंतर काही दिवसांची सवड हवी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण पंचेचाळीसपर्यंतही लांबू शकतात, आणि उन्हाळ्यात गर्दी असते.

लागणारी कागदपत्रं:

– पासपोर्ट, दोन कोरी पानं तरी असलेला
– कप्तानाचं किंवा कंपनीचं पत्र: होडीचं नाव, तारखा, पैसे भरल्याची नोंद
– विमानाचं आरक्षण, बेटावर जाणं-येणं धरून
– होडीआधीच्या आणि नंतरच्या रात्रींची राहण्याची सोय
– किमान ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा
– बँकेचे तपशील, आयकर विवरणपत्र, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र

४. विमा आणि तब्येत

व्हिसासाठी घेतलेला विमा इथे बहुतेक वेळा पुरत नाही. लाँगइयरबियेनचं रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला हलवतात, आणि त्याआधी फ्योर्दमधून हेलिकॉप्टरने उचलावं लागू शकतं. पॉलिसीत ध्रुवीय प्रदेश, शिडाची होडी आणि हवाई बचाव हे तिन्ही चालतात का, ते लेखी विचारा. तोंडी "हो" वर थांबू नका.

रोजच्या गोळ्या दुप्पट न्या, अर्ध्या अंगावरच्या बॅगेत. दाढ दुखत असेल तर निघण्याआधी दाखवा. गुडघा किंवा कंबर कुरकुरत असेल तर कप्तानाला आधी सांगा. डिंगीतून होडीवर चढणं हे दिवसातून चार वेळा करायचं काम आहे आणि त्याला गुडघे लागतात.

५. घरी करायचा सराव

बोलाइन, क्लोव्ह हिच आणि आठाची गाठ या तीन गाठी डोळे मिटून, हातमोजे घालून बांधता आल्या पाहिजेत. ऑक्टोबर ते मे मुंबईत शिडाच्या होड्यांचे वर्ग चालतात. चार-पाच शनिवार-रविवार दिलेत तरी विंचवर (दोर ताणायच्या चरखीवर) दोर कसा गुंडाळायचा आणि बोटं कुठे ठेवायची नाहीत एवढं कळतं. तेवढं पुरे, बाकी होडीवर शिकवतात.

६. सामान

कडक सुटकेस नको, केबिनमध्ये ती ठेवायला जागाच नसते. मऊ बॅग न्या.

अंगालगत लोकर, मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर वारा-पाणी अडवणारा सागरी कोट आणि पँट. सुती कपडे घरी ठेवा, जीन्ससुद्धा. सूत ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. उन्हाळ्यात हवा साधारण ३ ते ७ अंश असते, आकडा ऐकून फार वाटत नाही, पण डेकवर चार तास उभं राहिल्यावर वारा हाडात शिरतो.

बुटांच्या बाबतीत माझी चूक झाली होती. मी नेहमीच्या मापाचे रबरी गमबूट नेले. लोकरीचे दोन मोजे घातल्यावर पाय गच्च झाले, रक्त फिरेना, आणि पहिले चार दिवस अंगठे बधिर. एक माप मोठे, आतून उबदार, गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट घ्या. डिंगीतून उतरताना पाणी पोटरीपर्यंत येतं.

याशिवाय: मोज्यांचे चार जोड, हातमोज्यांचे तीन (एक जोड कायम ओला असतो), कानटोपी, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी, गडद चष्मा, सनस्क्रीन, थर्मास, छोटी पाणीरोधक पिशवी आणि स्वतःची दुर्बीण. दुर्बिणीवर कंजुषी करू नका. ८×४२ची असावी, आणि ती प्रत्येकाकडे हवी. होडीवर एकच दुर्बीण फिरत असली की देवमासा दिसेपर्यंत ती कोणाच्या तरी गळ्यात असते.

ड्रोन नेऊ नका. संरक्षित क्षेत्रांत तो उडवायला बंदी आहे आणि तुमची बहुतेक सफर संरक्षित क्षेत्रातच होणार.

शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच कळवा, बेटावर सामान भरताना त्यांना ते लक्षात ठेवावं लागतं. मी मेतकूट, लसणाची चटणी, भाजणी आणि आल्याच्या वड्या नेल्या. तेल, कांदा, तिखट होडीवर होतंच, तेव्हा मागदालेनेफ्योर्दमध्ये थालीपीठ झालं आणि आठही जणांनी खाल्लं. पण युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत. पेढे आणि तूप घरीच ठेवा.

निघण्याआधी बूट, बॅगेच्या तळाच्या शिवणी आणि वेल्क्रो साबणाने धुऊन, ब्रशने साफ करा. सह्याद्रीतल्या गवताचं बी तुमच्या बुटाला चिकटून तिथे जाता कामा नये.

७. लाँगइयरबियेनला दोन दिवस आधी पोचा

ओस्लोहून विमान साधारण तीन तासांचं. माझी बॅग पहिल्या वेळी एक दिवस उशिरा आली. होडी त्याच संध्याकाळी सुटणार असती तर मी बारा दिवस दुसऱ्याच्या कपड्यांत काढले असते. गावात सुपरमार्केट आहे, कपड्यांची दुकानं आहेत, पण महाग. अनेक हॉटेलं आणि संग्रहालयात बूट दाराशी काढायची पद्धत आहे, कोळसा-खाणींच्या काळापासूनची, आपल्याला ते घरच्यासारखं वाटतं. गावाबाहेर एकट्याने फिरायला जाऊ नका. वस्तीच्या बाहेर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे.

८. होडीवरचे पहिले दोन दिवस

लाँगइयरबियेन ज्याच्या काठी आहे त्या इस्फ्योर्दच्या मुखातून बाहेर पडलं की ग्रीनलंड समुद्राची लांब लाट लागते आणि बहुतेकांना इथेच मळमळतं. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. खाली केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा वर या, क्षितिजाकडे बघा, सुकाणू मागून घ्या. सुकाणू हातात असलं की पोट लवकर ताळ्यावर येतं, हा माझा दोन्ही वेळचा अनुभव.

डेकवर लाइफ जॅकेट आणि सुरक्षादोर कायम, समुद्र तळ्यासारखा शांत असला तरी. पश्चिम किनाऱ्याला उन्हाळ्यात पाणी २ ते ५ अंशांचं असतं. पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, आणि दहा-एक मिनिटांत बोटं दोर धरायच्या कामाची राहत नाहीत.

पहिल्या खेपेला पश्चिम किनाराच घ्या. दहा-बारा दिवसांत लाँगइयरबियेनहून ट्रिग्हाम्ना, तिथून प्रिन्स कार्ल्स फोरलांद बेटाच्या आतल्या सामुद्रधुनीतून नी-ओलेसुंद ही शास्त्रज्ञांची वस्ती, क्रॉसफ्योर्द, मागदालेनेफ्योर्द, आणि हवा मानवली तर वायव्य टोकाला सतराव्या शतकातल्या डच देवमासा-शिकाऱ्यांचं स्मेरेनबुर्ग. आमची होडी ताशी पाच-सहा सागरी मैल जाते, आणि नी-ओलेसुंदपर्यंतचं अंतर शंभर सागरी मैलांच्या आसपास आहे. यावरून बाकीचा हिशेब मांडा. ८० अंशांची रेषा ओलांडायचीच असा हट्ट धरलात तर अर्धी सफर इंजिनाच्या आवाजात जाईल.

नी-ओलेसुंदला भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, १ जुलै २००८ रोजी सुरू झालेलं. ते चालवणारी संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला आहे. आत शिरता येत नाही, पण पाटीसमोर उभं राहिल्यावर मला गहिवरून आलं. तिथे जाण्याआधी, वीस किलोमीटरच्या परिघातच, फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायचं, शास्त्रज्ञांच्या उपकरणांना त्याचा त्रास होतो. घड्याळाचं ब्लूटूथ लोक विसरतात.

९. नांगराचा पहारा

ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे नसते, आणि होडीवरचं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच. रात्री नांगर टाकून सगळे झोपले की पाळीपाळीने एक जण जागा राहतो, दोन-दोन तास. पहाऱ्यावर असताना तीन गोष्टी बघायच्या.

नांगर सरकतोय का? तळाला केल्प नावाचं जाड समुद्री शेवाळ असलं की नांगर वरवर अडकल्यासारखा वाटतो आणि वारा वाढला की सुटतो. किनाऱ्यावरचे दोन खडक एका रेषेत धरून ठेवा, ती रेषा मोडली की कप्तानाला उठवा.

बर्फ येतोय का? हिमनदीचे तुकडे भरतीबरोबर हिंडतात. लहान तुकडा लांब काठीने नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, दूर ढकलायचा. काचेसारखे पारदर्शक तुकडे पाण्यात दिसत नाहीत आणि ते सगळ्यात जड असतात. घरापेक्षा मोठं काही येताना दिसलं तर काठीला हात न लावता कप्तानाला हाक मारा.

किनाऱ्यावर काही हललं का? अस्वल शुभ्र नसतं, बर्फाच्या तुलनेत ते पिवळसर दिसतं. ऑगस्टमध्ये पहाटे तीनच्या पाळीला मला असाच एक पिवळा ठिपका दिसला. खडक समजून दुर्बीण बाजूला ठेवली, दहा मिनिटांनी पाहिलं तर खडक जागेवर नव्हता. कप्तानाला उठवलं. अस्वल वाळूवर आलेलं शेवाळ हुंगत चाललं होतं, सहाशे-सातशे मीटरवर. आम्ही कुजबुजतही नव्हतो. मग ते पाण्यात उतरलं आणि आमच्या दिशेने पोहू लागलं. कप्तानाने एक क्षण न दवडता नांगर उचलला आणि आम्ही फ्योर्दबाहेर निघालो. कोणी कॅमेऱ्यासाठी "जरा थांबा" म्हटलं नाही, याचं मला आजही समाधान आहे. कोणाला उठवायला संकोच करू नका. खोट्या इशाऱ्याने झोपमोड झाली म्हणून होडीवर कोणी रागावत नाही.

१०. किनाऱ्यावर उतरताना

बंदूकवाला आधी उतरतो, चढावर जाऊन चौफेर बघतो, हात केला की बाकीचे. गट विखरू द्यायचा नाही. फोटोसाठी मागे रेंगाळणारा एक जण सगळ्यांचा धोका वाढवतो. डिंगी पाण्याच्या रेषेपासून बरीच वर ओढून बांधा, शेजारच्या हिमनदीचा कडा कोसळला तर लाट किनाऱ्यापर्यंत येते. होडीतूनही हिमनदीच्या कड्यापासून किमान २०० मीटर दूर राहा. आमचा कप्तान त्याच्या दुप्पट ठेवायचा.

जुन्या लाकडाचा तुकडा, गंजलेला खिळा, देवमाशाचं हाड उचलू नका. १९४५ पर्यंतच्या मानवी खुणा आपोआप संरक्षित आहेत, आणि त्यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टाही. मागदालेनेफ्योर्दला जुन्या शिकाऱ्यांच्या शंभराहून अधिक कबरी आहेत, त्यांच्या दगडांवरून चालू नका. संरक्षित क्षेत्रांत २०२५ पासून फक्त ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच उतरता येतं, तेव्हा "तिथे उतरू या ना" असा आग्रह कप्तानाला करू नका.

११. प्राण्यांपासूनचं अंतर

हे आकडे वहीत लिहून ठेवा.

ध्रुवीय अस्वल: १ मार्च ते ३० जून ५०० मीटर, उरलेल्या वर्षात ३०० मीटर. त्याहून जवळ आहात असं कळलं की मागे व्हायचं. पाठलाग, आमिष, हाका, सगळ्याला बंदी.

वॉलरस: ते जिथे किनाऱ्यावर पडलेले असतात तिथून १५० मीटरांच्या आत इंजिनाची होडी ताशी पाच सागरी मैलांहून वेगाने न्यायची नाही. जमिनीवरून जाताना सगळे एका बाजूने, हळू, वाऱ्याची दिशा बघून. एकाने मान वर केली तर थांबा, सगळ्यांनी केली तर मागे फिरा. घाबरून कळप पाण्याकडे धावला तर पिल्लं चिरडली जातात. दात आणि चरबीसाठी त्यांची इतकी शिकार झाली होती की १९५२ मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा इथे ते जवळपास उरलेच नव्हते. प्रिन्स कार्ल्स फोरलांदवरच्या पूलेपिन्तेनच्या वाळूवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेले, गुरगुरणारे, खाजवणारे वॉलरस पाहताना हे आठवत होतं.

पक्षी: मोठ्या कड्यांपासून ५०० मीटरांत, १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट, वेग पाच सागरी मैलांच्या आत. कुररी, म्हणजे आर्क्टिक टर्न, डोक्यावर चोच मारायला आली तर तिचं घरटं तुमच्या पायाशी आहे असं समजा. काठी डोक्याच्या वर सरळ धरा, ती सगळ्यात उंच टोकावर झेपावते, आणि आल्या वाटेने परता.

कोल्हा: गोड दिसतो, जवळही येतो. इथल्या कोल्ह्यांत रेबीज आढळतो. खायला घालू नका, हात लावू नका.

१२. वही, आणि परतल्यावरचं एक काम

दर पाळीला जे दिसलं ते लिहा: तारीख, वेळ, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, प्राणी, संख्या, पिल्लं होती का. मी हे पहिल्या वेळी केलं नाही आणि घरी आल्यावर चार फ्योर्दांची आठवण एकमेकांत मिसळून गेली. नॉर्वेजियन ध्रुवीय संशोधन संस्था स्वालबार्डमध्ये दिसलेल्या सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदी प्रवाशांकडूनही घेते. दुसऱ्या खेपेच्या माझ्या वहीत एकवीस नोंदी होत्या. लाँगइयरबियेनला विमानाची वाट बघत बसले होते तेव्हाच सगळ्या भरून पाठवल्या. पुण्याला पोचल्यावर कपडे धुण्यातच आठवडा जातो, म्हणून तुम्हीही तिथूनच पाठवा.